काठी उभी असेपर्यंत

बोरगावकडं मोजणीला येणारा आमचा सर्वेअर पूर्वी साखळी ओढायचा. आता काठीवर सॅटेलाइटचं यंत्र लावून ती बांधावर उभी करतो आणि ओठावर बोट ठेवतो. "गप ऱ्हावा जरा. आवाज झाला की सिग्नल तुटतंय." एकमेकांच्या अंगावर धावून आलेले शेजारीही मग मुकाट उभे राहतात. मोजून झाल्याचा हिरवा दिवा केव्हाच लागलेला असतो. हा मात्र तो पंजानं झाकून आभाळाकडं बघत राहतो, कुणीतरी दुसऱ्यापुढं तंबाखूची पुडी धरेपर्यंत.

निपाणीत चहा पिताना मी एकदा त्याला विचारलं, "अण्णा, यंत्राला खरंच शांतता लागती?"

"यंत्राला कशाला लागंल?" म्हणत त्यानं बशीत फुंकर मारली.

परवा माझ्या आणि चुलतभावाच्या भांडणातला बांध मोजायला तोच आला. त्याची लबाडी मला ठाऊक आहे हे जाणूनच त्यानं काठी माझ्या हातात दिली. मी दिव्यावर पंजा ठेवला.

बऱ्याच वेळानं चुलतभाऊ जवळ सरकला. वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. "गावलं काय रं सिग्नल?" त्यानं हळूच विचारलं.

बोटांच्या फटीतनं हिरवा उजेड येत होता.

"न्हाय अजून," मी म्हणालो. "बस की जरा."