गोडदेवला धूर घालवायला

पुण्याहून निघालो तेव्हा डिकीत आमच्या संस्थेचे फलक होते आणि मांडीवर ‘शाश्वत उत्पादन’ या विषयावरचं सादरीकरण. छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कारखानदारांना पर्यावरण शिकवणं हे माझं काम. त्यासाठी एकट्या माणसाला सात आसनी डिझेल गाडी लागते, एवढं पर्यावरणाने समजून घ्यायला हवं.

घोडबंदर रस्त्यावर पर्यावरणाने ते समजून घेतलं नाही आणि मला वाहतूक कोंडीत भरपूर ताटकळत ठेवलं. भाईंदर पूर्वेला गाडी गल्लीत शिरेना, म्हणून रिक्षा केली.

“गोडदेव गाँव,” मी ऐटीत सांगितलं.

“गाँव किधर बचा है साहब? बिल्डिंग का नाम बोलो,” रिक्षावाला म्हणाला.

दोन इमारतींच्या बेचक्यात पाटलांचा गाळा (छोट्या कारखान्याची खोली) सापडला. पाटील मूळचे जवळच्याच राई गावचे. वाडवडील मिठागरात राबले. हे एलईडी दिव्यांच्या सर्किटपट्ट्या बनवतात. आत बायका शिशाची तार वितळवून सुटे भाग जोडत, म्हणजे सोल्डरिंग करत होत्या आणि धुराने माझे डोळे चुरचुरू लागले. सगळ्यात बारीक काम पाटलांच्या सुनेकडे, रूपालीकडे. ती रत्नागिरीची, सातव्या महिन्यातली, आणि मधूनमधून खोकत होती.

कोपऱ्यात आमच्या संस्थेने दिलेलं धूर ओढणारं यंत्र होतं. शेजारी शिसं नसलेल्या सोल्डर तारेची खोकी. दोन्हींवर लाल रिबन, हार, हळदकुंकू. प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

“चालू का नाही?” मी विचारलं.

“उद्घाटन व्हाचा हाय ना साहेब,” पाटील म्हणाले. “तुमच्याच हाफिसानं सांगलंय, परदेशी पाव्हन्यांचा हात लागल्याशिवाय बटन दाबाचा न्हाय. आमी शब्द दिलाय.”

हे खरं होतं. यंत्राचे पैसे देणाऱ्या पाहुण्यांची तारीख जुळत नव्हती. तोवर धुराने थांबावं अशी आमची अपेक्षा असावी.

दुपारी पाटीलबाईंनी तांदळाची भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोलंबी) वाढला. चव अशी की मी सादरीकरण विसरलो. रूपाली मात्र कामाच्या टेबलावरून उठली आणि हातातली तार ठेवून, हात न धुताच भाकरी मोडू लागली. माझा घास तोंडातच राहिला.

जेवणानंतर मी पडद्यावर हिरवी पानं, हसरी पृथ्वी वगैरे दाखवली. मग शिशाचं चित्र आलं. शिसं हाताला लागून पोटात जातं, गरोदर बाईच्या बाळाला बाधतं. हा धूरही छातीला वाईट, असं मी सांगितलं. सांगताना माझी नजर कुठे ठेवावी ते कळेना.

पाटील उभे राहिले. “रूपाली, ऊठ तितून. पॅकिंगला बस.”

“मी कशाला उठू बाबा? मशीन चालू करा ना.”

“पाव्हन्यांचं नाव हाय त्याच्यावर.”

रूपालीने तारा कापायचा कटर उचलला, यंत्रापाशी गेली आणि रिबन कापली. मग खोक्यांवरचीही.

“पाहुणे येतील तेव्हा येतील,” ती पोटावर हात ठेवून म्हणाली. “हा त्यांच्याआधी येतोय.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाटलांनी गुपचूप प्लॅस्टिक ओढून काढलं, नारळ फोडला आणि सुनेलाच बटण दाबायला लावलं. मी तिला तार बदलून दिली आणि हात धुवायला साबण मागवला. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेलं हे बहुधा सगळ्यात शाश्वत काम.

परतताना वरिष्ठांचा फोन आला. मी झालेलं सांगितलं. ते हादरले. “मग पाहुणे कापणार काय? यंत्र बंद करायला सांग, नवी रिबन बांधायला सांग. फोटो नसेल तर प्रकल्प झाला असं म्हणणार कसं?”

आमच्या धंद्यात हा प्रश्न रास्त आहे. धूर गेला हे फोटोत दिसत नाही, रिबन दिसते. मला संताप आला. पण पगारही त्याच संस्थेचा, म्हणून पाटलांना फोन लावून निरोप सांगितला.

“काय म्हनता साहेब?” पलीकडून पाटील ओरडले. “कायपन आयकू येत न्हाय. मशीन चालू हाय ना!”

त्या यंत्राचा आवाज घरच्या पंख्याएवढासुद्धा नाही.

“काही नाही पाटील,” मी म्हणालो, “चालू राहू द्या,” आणि फोन ठेवला.