न चालणारं दहाचं नाणं

आमच्या ऊर्जानगरच्या फाट्यावर दहा रुपयांचं नाणं चालत नाही. खोटं आहे असंही कुणी म्हणत नाही. नुसतं चालत नाही!

माझ्या डोळ्यांदेखत पाच पैसे गेले, दहा पैसे गेले, चार आणे गेले. पण ते रीतसर बंद झाले. (मीही वीजकेंद्रातून रीतसरच निवृत्त झालो. मला शाल-श्रीफळ मिळालं, चार आण्यांना तेवढंही नाही.) या बिचाऱ्या दहाच्या नाण्याला मात्र नोकरीत असतानाच कुणी विचारेनासं झालं.

बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. मुलगी शिल्पा पुण्याला. दिवसभरात घरात आवाज होतो तो कुकरचा, तोही मी लावला तर. अशात नागपूरहून येताना एक दहाचं नाणं माझ्या गळ्यात पडलं. ते घेऊन मी गोवर्धनच्या किराणा दुकानात गेलो.

"भाऊ, हा सिक्का नाई चालत."

"काऊन नाई चालत?"

"लोकं घेत नाई."

"लोकं काऊन घेत नाई?"

"दुकानदार घेत नाई म्हणून!"

"अन् दुकानदार कोण हाय? तूच ना?"

"मी एकटाच हाव का भाऊ?"

दूध घ्यायला आलेल्या दोन बाया माझ्या बाजूनं, एक ऑटोवाला त्याच्या बाजूनं! शेवटी मी मुकाट्यानं नोट काढली, बिस्किटाचा पुडा घेतला आणि घरी आलो. दारात लक्षात आलं, बोलून बोलून आपला घसा बसलाय. फार बरं वाटलं!

दुसऱ्या दिवशी तेच नाणं घेऊन पुन्हा हजर. मग रोजच. गोवर्धन मला पाहून लांबूनच "नाई चालत!" ओरडायचा, मी लांबूनच "काऊन?" विचारायचो. हळूहळू मला स्टूल मिळालं, मग चहा. घरात बिस्किटांचे पुडे इतके साठले की मुंग्यांनी आपली वस्ती माझ्याकडे हलवली. पण खरं सांगतो, बायको होती तेव्हा भांडायला हक्काचं माणूस घरातच होतं. आता त्यासाठी फाट्यापर्यंत जावं लागत होतं.

मग शिल्पा आली. एका संध्याकाळी पाहतो तर फळीवरचं नाणं गायब!

"बाबा, सांबार आणला ना मी त्याचा," हातातली कोथिंबिरीची जुडी दाखवत ती म्हणाली.

"त्यानं घेतलं?"

"घेतलं की! काही बोलला पण नाई."

मी एका पायात माझी आणि दुसऱ्यात तिची चप्पल घालून दुकानावर पोचलो.

"गोवर्धन, तिच्याकडून काऊन घेतला सिक्का?"

"त्याईनं देल्ला, मी घेतला."

"अन् माझ्याकडून?"

"तुम्ही कुठी देत होते भाऊ? तुम्ही तं भांडाले येत होते!"

ऑटोवाला हसला. मला तोंड कुठे लपवू असं झालं. घाईघाईनं वीसची नोट देऊन बिस्किटाचा पुडा मागितला. गोवर्धननं सुटे म्हणून गल्ल्यातून तेच नाणं काढून माझ्यापुढे धरलं. घेऊन खिशात टाकायचं, एवढंच काम होतं.

"हा नाई चालत," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा भाऊ. काऊन नाई चालत?"

घरी आलो तेव्हा शिल्पा दारातच उभी होती. "बाबा, भेटला सिक्का?"

"नाई. त्याच्याच गल्ल्यात ठेवून आलो."

"मंग इतका वेळ काय करून राह्यले होते?"

तिला काय सांगणार? ती परवा पुण्याला परत जाईल आणि मला ते नाणं नाकारायला रोज जावं लागणार आहे!