आईला काशीला कुणाबरोबर नेऊ?

गटातल्या सगळ्यांना नमस्कार. फोनची लाइन तुटायच्या आत ही मेल पाठवतो आहे. उद्या दुपारपर्यंत यात्रा कंपनीला हो-नाही कळवायचं आहे आणि डोकं चालत नाही.

माझ्या आईची नजर झपाट्याने जाते आहे. डॉक्टर म्हणाले, काय दाखवायचं ते दिवाळीच्या आत दाखवा. तिला गंगा बघायची आहे. म्हणून आज सकाळी तिला घेऊन जे. पी. नगरातल्या एका यात्रा कंपनीत गेलो.

तिथले गृहस्थ इथलेच जुने मराठी, 'थोडी'ला कानडीतलं 'स्वल्प' म्हणणारे. आईने त्यांना विचारलं, "घाटावर किती वेळ बसू द्याल?"

"अर्धा तास, आजी. मग बस सुटते. स्वल्प धावपळ होतेच."

"उन्हातून आल्यावर अर्धा तास मला नुसतं पांढरं दिसतं. तुमची गंगा मी बसमध्ये बसून आठवू का?"

ते हसले. मला हसू आलं नाही.

आपलं आपण गेलो तर ती दिवसभर घाटावर बसेल. पण माझी पत्नी आता नाही, बहीणही नाही. स्नानाला, लुगडं बदलायला आईला बाईमाणूस लागतं. कंपनीबरोबर गेलो तर चार बायका तिचा हात धरतील. कंपनी नसेल तर घाटावरच्या गर्दीत मी एकटा काय करू?

घरी येऊन देवापुढे बसलो, पण काय मागावं तेच सुचेना. आई शेजारी येऊन म्हणाली, "तुला जमेल तसं ने रे. पण लवकर ने."

तुमच्यापैकी कुणी आईला एकट्याने नेलं आहे का? स्नानाच्या वेळी काय केलंत, तेवढं तरी लिहा.