हातमोज्यांचं पान

आर्डेल स्कॉगस्टाडने बावीस वर्षांत एकदाही वड्या आणल्या नव्हत्या, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरूही देत नसे.

मिनेसोटातल्या त्या सपाट गावात ऐंशी वर्षांपूर्वी एका शाळामास्तरणीने कादंबरी लिहिली होती. गोष्ट गावातलीच: थोरा नावाची शेतकऱ्याची बायको, तिचा घुम्या नवरा हाल्वर, आणि शेवटच्या प्रकरणात पेटी उचलून आगगाडीत बसलेली थोरा. गाव त्या कादंबरीला नुसतं ‘पुस्तक’ म्हणतं. पुढे तिच्यावर दोन सिनेमे निघाले. दर फेब्रुवारीत, बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी असताना, गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या तळघरात मंडळी जमतात आणि पुस्तक आणि दोन्ही सिनेमे समोर ठेवून भांडतात. नियम एकच. जे पुस्तकात नाही ते पुस्तकातलं म्हणून जो ठोकून देईल, त्याने पुढच्या गुरुवारी घरी ओव्हनमध्ये भाजलेल्या वड्यांचा ट्रे आणायचा. नियम आर्डेलचाच. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. आरशात बघून मागच्या बाकावरचा चोर पकडायची सवय जाते कुठे?

सगळ्यात जास्त ट्रे आणले होते मायरन वोल्डने. धान्याच्या कोठारावर जन्म काढलेला हा गडी सिनेमाचा भक्त. पहिल्या, काळ्या-पांढऱ्या सिनेमात हाल्वर धावत स्टेशनवर येतो आणि थोराला गाडीतून उतरवून घेतो. तिथे मायरन दरवर्षी डोळे पुसायचा.

“हिमवादळातनं चालत आली बया, आणि ओठांची लाली जागच्या जागी!” आर्डेल म्हणायची. “जन्मात गाईची धार तरी काढली होती का तिने?”

“बरं, मग दुसरा सिनेमा?”

“त्यात मागे डोंगर आहेत, मायरन. डोंगर! आपल्याकडे तुझ्या कोठाराहून उंच काय आहे ते सांग.”

यंदा पहिल्याच गुरुवारी वाद हाल्वरवर घसरला. सिनेमातला हाल्वर निदान बायकोशी दोन शब्द प्रेमाचे बोलतो, पुस्तकातला म्हणजे नुसता ठोकळा, असं मायरनने जाहीर केलं.

“ठोकळा?” आर्डेल उसळली. “अरे, रोज पहाटे तो तिचे हातमोजे ओव्हनच्या उघड्या दारावर गरम करून ठेवतो. तोंडातून एक शब्द न काढता! तुझ्या सिनेमांतली सगळी भाषणं त्या एका ओळीवरून ओवाळून टाकीन मी. म्हणून तर ती निघून जाते तेव्हा जिवाला लागतं. जायलाच नको होतं तिने.”

“कितव्या पानावर?”

“शोध की. त्या निमित्ताने वाचशील तरी.”

सगळे खो खो हसले, कारण मायरनने पुस्तक कधीच पुरं केलेलं नाही हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मायरनने टोपी घातली, वाचनालयाची प्रत बगलेत मारली आणि चालता झाला.

मंगळवारी सकाळी आर्डेलने स्वतःची प्रत काढली. पानाचा आकडा मायरनच्या तोंडावर फेकायचा, एवढाच विचार. हाल्वर उठतो ते पान सापडलं. तो गाईंच्या धारा काढतो, लापशी खातो, निघून जातो. हातमोजे नाहीत. तिने मागची पानं चाळली, पुढची चाळली, शेवटी पहिल्यापासून वाचायला बसली. संध्याकाळी दोन्ही सिनेमेही लावून पाहिले, न जाणो तिथून डोक्यात शिरलं असेल. तिथेही नाहीत.

मग तिची नजर स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर गेली आणि ती तशीच बसून राहिली.

तिच्या नवऱ्याला, ड्वेनला, जाऊन सहा वर्षं झाली होती. ती बस चालवायची तेव्हा तो तिच्याआधी, साडेचारला उठायचा. ती खाली येईपर्यंत हातमोजे ओव्हनच्या दारावर असायचे. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणायचा, “ओव्हन तसाही चालू होता.” पहाटे साडेचारला ओव्हन तसाही कशाला चालू असेल, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. ते आठवून तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

मान वाचवायला एक वाट होती. पहिल्या आवृत्तीत होतं, म्हणून सांगायचं. त्या आवृत्तीची गावातली शेवटची प्रत तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाली होती, तपासणार कोण? आर्डेलने हे वाक्य दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. छान जमत होतं. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता ती उठली आणि तिने ओव्हन लावला.

गुरुवारी मायरन आला तो छाती फुगवून. पुस्तकातून कागदाच्या पट्ट्या बाहेर डोकावत होत्या.

“किती वेळा वाचलंस?” त्याला तोंड उघडू न देता आर्डेलने विचारलं.

“दोनदा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत! आणि हातमोजे कुठेही...”

तिने टेबलावरचं फडकं उचललं. खाली खजुराच्या वड्या, चौकोनी कापलेल्या, ट्रे भरून.

“बावीस वर्षं तुला हे पुस्तक वाचायला सांगतेय,” ती म्हणाली. “एका ट्रेत काम झालं. स्वस्तात सुटले.”

“अगं पण आर्डेल,” शेजारी राहणारी लाव्हॉन कॉफी ओतता ओतता म्हणाली, “हातमोजे तर तुमचा ड्वेन ठेवायचा! मला माझ्या खिडकीतनं दिसायचं.”

मायरनने वडी उचलली होती ती परत बशीत ठेवली.

“ड्वेन?” तो म्हणाला. “इतकी वर्षं माझ्याबरोबर कोठारावर होता. कधी बोलला नाही.”

“तो कशाला बोलेल? ओव्हन तसाही चालू होता.”

मायरन पुस्तकातल्या पट्ट्या एकेक करून काढू लागला. पण वाद असा अर्धवट सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं.

“मग आता शेवटाचं काय?” त्याने विचारलं. “थोराने जायला नको होतं, म्हणून दरवर्षी आमचं डोकं खातेस ते?”

“पुस्तकात हातमोजे नाहीत ना?” आर्डेलने ट्रे त्याच्यापुढे सरकवला. “मग गेली ते बरंच केलं तिने. मी नसते गेले.”