झोपणार कोण?

चाचा कुठेही गेले की खुर्चीत बसण्याआधी तिची गादी तळहाताने दाबून पाहत. खुर्ची बँकेतली असो, दवाखान्यातली असो की माझ्या कॉम्प्युटर क्लासमधली. मग मान हलवून म्हणत, "हे रुई नाही मास्तर, हे हवा हाये." आणि त्याच हवेवर अर्धा अर्धा तास आरामात बसत.

चिखलीत मेहकरच्या रस्त्याला त्यांचं गाद्या भरण्याचं दुकान होतं. रुई पिंजायची मशीन सुरू असली की आत माणूस दिसायचा नाही, नुसता खोकला ऐकू यायचा. त्यांच्या भुवयांत रुई, दाढीत रुई. ईदेला नवे कपडे घालून आले तरी कानामागे एखादा पुंजका असायचाच. नाव त्यांना होतं, पण ते गावात कुणाला लागत नसे.

गादी सांगायला गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "झोपणार कोण?" झोपणाऱ्याचं वय, वजन, तो पाठीवर झोपतो की कुशीवर, कंबर दुखते का, हे कळल्याशिवाय ते कापडाला हात लावत नसत. माझ्या लग्नाच्या गादीच्या वेळी त्यांनी इतक्या खोलात जाऊन चौकशी केली की माझे वडील दुकानातून उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

आता असा माणूस इंटरनेटवर काय विकणार, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो.

पण त्यांची अडचण खरी होती. घरचं वावर त्यांचा धाकटा भाऊ करायचा. आजूबाजूला सगळीकडे बीटी कापूस आणि मध्ये यांचं एकच वावर गावरान कापसाचं, कारण गादीला आखूड, राठ रुईच पाहिजे, तिचा गोळा होत नाही, असा चाचांचा हट्ट. भाऊ कंटाळला होता. गावरान कापसाला मार्केटमध्ये कुणी विचारत नव्हतं. पाऊस दगा देत होता, बीटीवाल्यांच्याही फवारण्या वाढल्या होत्या आणि लोक पोरीच्या लग्नातसुद्धा फोमच्या गादीवर भागवत होते. शेवटी भावाने चाचांना एक हंगाम दिला. गाद्या खपल्या नाहीत, तर पुढच्या पेरणीला सगळ्या वावरात बीटी.

मी क्लास सांभाळून वेबसाइट बनवून द्यायचो, म्हणून गाद्या इंटरनेटवर विकायचं मनात घेऊन चाचा माझ्याकडे आले. चाचांना दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे तयार दुकान. एका कंपनीचं सॉफ्टवेअर, महिन्याचं भाडं, फोटो टाकले की विक्री सुरू. दुसरा म्हणजे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन स्वतःची साइट उभी करायची आणि ती ठेवायला कुणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर जागा घ्यायची. तिला होस्टिंग म्हणतात. यात कटकट जास्त, म्हणून मी तयार दुकानाचीच भलामण केली.

चाचांनी नमुना पाहिला. गादीचा फोटो, खाली किंमत, त्याखाली बटण. बटण दाबलं की गादी विकली गेली.

"अन् मी इचारू कवा?" ते म्हणाले.

विचारायचं नसतं, गिऱ्हाईक आपलं आपण घेतं, असं मी समजावलं. ते ऐकेनात. त्या तयार दुकानात विकण्याआधी प्रश्न विचारायची सोय नव्हती. मग स्वतःचीच साइट ठरली आणि कटकट माझ्या गळ्यात पडली.

होस्टिंग निवडायची त्यांची पद्धतही न्यारी. किती जागा, किती वेग, यातलं काही त्यांनी ऐकून घेतलं नाही. तीन कंपन्यांना फोन लावायला लावले. एकीकडे नुसतं एक दाबा, दोन दाबा. दुसरीकडच्या माणसाने वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. तिसरीकडे एक मुलगी होती. तिला चाचांनी हिंदीत विचारलं, तुमच्याकडे लाइट जाते का? ती हसली, नाही म्हणाली, का जात नाही तेही सावकाश सांगितलं. मग चाचांनी तिला दिवसभर बसून कंबर दुखते का, हे विचारलं. तिची दुखत होती.

"इथंच घ्या," फोन ठेवून ते मला म्हणाले. "हे पोरगी ऐकून घेते."

साइट सुरू झाली. झोपणार कोण, याचं उत्तर लिहिल्याशिवाय ऑर्डर पुढे जायची नाही, अशी सोय मी नाक मुरडत करून दिली. लोक त्या प्रश्नापर्यंत येत आणि निघून जात. तो काढू या म्हणून मी रोज मागे लागायचो. भाऊ तर माझ्याकडे येऊन नुसता बसायचा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा पुण्याच्या एका बाईंची पहिली ऑर्डर आली. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. चाचांनी लगेच फोन लावला. पाठीला जखमा झाल्या का, कूस कोण बदलतं, सगळं विचारलं. मग शांतपणे सांगितलं, "बाई, माह्या गादीनं त्याहिले तरास होईन. डॉक्टरले इचारून हवेची गादी घ्या."

मी डोक्याला हात लावला. जन्मभर ज्या हवेला नावं ठेवली, तिचीच शिफारस, तीही पहिल्या गिऱ्हाइकाला! भाऊ उठून निघून गेला. चाचा मात्र फोनकडे बघत बसले होते. त्यांचे डोळे भरले होते. मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि तितकीच मायाही वाटली.

त्या बाईंनी चार ठिकाणी सांगितलं असावं. हळूहळू ऑर्डरी येऊ लागल्या. फार नाही. पेरणीला भावाने अर्ध्या वावरात बीटी लावली, अर्धं गावरान ठेवलं. "अर्धं तं अर्धं," चाचा म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

पेरणीच्या तोंडावर भाऊ माझ्याकडे आला. साइट बंद करा म्हणाला, औंदा सारी बीटीच लावतो. मी बंद करायला म्हणून उघडली, तर एक ऑर्डर येऊन पडलेली. 'झोपणार कोण?' याखाली लिहिलं होतं, 'बाळ. पुढच्या महिन्यात येणार आहे.'

भावाने ते वाचलं. मग म्हणाला, "मास्तर, नंबर लावून द्या."

"हॅलो, चिखलीहून बोलून राह्यलो," तो फोनवर म्हणाला. "बाळ झोपणार, समजलं. बाजूले माय बी झोपीन ना? तिची कंबर कशी हाये?"

बोलणं झाल्यावर तो उठला आणि दारात थांबला. "बंद नका करू. गादी मी भरतो. गावरानची सरकी घरी ठेवेल हाये, पेरतो," म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर मी चाचांच्या नेहमीच्या खुर्चीची गादी तळहाताने दाबून पाहिली. हवाच होती.