मी खुडलेली पांढरी पानं

संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या नाशिकच्या घराच्या मागच्या अंगणात मी एक पराक्रम केला. लपवून काय उपयोग... सांगूनच टाकते.

आमच्या सुनेने, स्नेहलने, दिवाळीनंतर ऑनलाइन एक झाड मागवलं. विलो म्हणतात म्हणे, थंड मुलखातलं. फळ नाही, भाजी नाही, देवाला वाहायला फूल नाही... मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "काड्या कशाला विकत घेतल्यास? बाहेर फुकट पडल्यात." ती नुसती हसली.

पण पोरगी चिवट. दुपारचं ऊन लागू नये म्हणून कुंडी धुण्याच्या दगडामागे सावलीत ठेवली. रोज ऑफिसला जायच्या आधी वाकून शेंडे बघायची... काय बघते ते मी कधी विचारलं नाही.

संक्रांतीला ती चार दिवस देवळ्याला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आई, पाणी तेवढं घाला हं."

तिसऱ्या दिवशी बघते तर सगळे शेंडे पांढरे! कुठे कुठे गुलाबट. मी निफाडकडची, शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं द्राक्षबागेत शिकले. पानावर पांढरं दिसलं म्हणजे भुरी... हा रोग बघता बघता बाग खाऊन टाकतो.

बोटाने पुसून बघितलं, निघेना. भुरी पुसली जाते हे मला चांगलं माहीत आहे. पण थांबून विचार करील ती मी कसली!

सगळे शेंडे खुडले. रोग पसरू नये म्हणून जाळलेसुद्धा. हिरवं तेवढं ठेवलं आणि फोटो काढून सुनेला पाठवला... "तुझं झाड वाचवलं."

उत्तर आलं, "बरं आई."

घरी आली ती कुंडीपाशी जाऊन उभीच राहिली. रडली नाही, भांडली नाही. मोबाईलवर एक फोटो दाखवला, अख्खं झाड पांढरं-गुलाबी. "आई, याची नवी पानं अशीच येतात. दोन महिने मी त्याचीच वाट बघत होते."

"मग आधी सांगायचं नाही का?" मी उलटी तिच्यावरच ओरडले.

"कधी सांगणार? तुम्ही त्याला काड्या म्हणत होता."

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आता तुझीच छाटणी होणार बघ."

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी अगदी नीट वागली... चहा, जेवण, बीपीची गोळी, सगळं वेळेवर. त्यापेक्षा भांडली असती तर बरं. मागच्या अंगणात मी गेले की मात्र कुंडीच्या पुढे येऊन उभी राहायची.

शेवटी मीच गेले. "चुकलं माझं," म्हटलं. सवय नाही ना. मग विचारलं, याला छाटतात का? म्हणाली, थंडी सरताना पार खाली छाटतात, मग नवी फूट रंगीत येते... "पण माझा हात होत नाही, आई. मेलं तर?"

"माझा होतो. पण झाड तुझं, तू म्हणशील तर."

तिने घरातून कात्री आणून माझ्या हातात दिली. फांदीला फूट यायचे दोन-दोन डोळे ठेवून मी सगळं खाली घेतलं. कुंडीत नुसते खुंट राहिले. ती तोंड फिरवून उभी होती... पण थांबा म्हणाली नाही.

पंधरा-वीस दिवस काही नाही. मला जेवण गोड लागेना.

आणि आज सकाळी बघते तर प्रत्येक खुंटावर फूट! टोकाला गुलाबी, खाली दुधासारखी पांढरी, त्यावर हिरवे शिंतोडे... मी हाक मारली तशी स्नेहल तोंडात ब्रश घेऊनच पळत आली. दोघी खाली बसून बघत राहिलो. जन्मभर पानं बघितली मी, पण ती रोग शोधायला. नुसतं सुंदर आहे म्हणून पान बघायचं असतं, हे ह्या वयात कळलं.

आणि त्या पोरीचं काय सांगू... मी तिच्या जागी असते तर असल्या बाईच्या हातात कात्री दिली नसती. खरंच सांगते, नसती दिली.