टिटवी गप्प बसेना

माझ्या बायकोचा आवाज गेला, त्यानंतर दीड वर्ष मी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात पाऊल ठेवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठा भक्त समजणार नाही. त्याआधी तीस वर्षं दर सोमवारी मी तळ्याच्या काठाने चालत देवळात जायचो. कामाची कुठलीही पाळी असली तरी चुकवायचो नाही. वर्कशॉपात मेकॅनिक होतो, आता रिटायर आहे.

कुसुम, म्हणजे माझी बायको, अंगणवाडीत बाई होती. गल्लीच्या या टोकाला उभी राहून तिनं हाक मारली की त्या टोकाचं पोर हातातली भाकरी टाकून पळत यायचं. त्या हाकेवर आख्ख्या गल्लीची सकाळ व्हायची. तिच्या गळ्याला कॅन्सर झाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वास घ्यायला गळ्याला एक भोक ठेवलं. त्यावर ती आता पातळ सुती रुमाल बांधते. तंबाखू मी खाल्ली, तीही तीस वर्षं. तिनं कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. मग गळा तिचा का गेला? हा प्रश्न मी देवाला विचारला, उत्तर आलं नाही, आणि मी जाणं बंद केलं. ती मात्र जातच राहिली. तिला निघताना बघून माझं डोकं फिरायचं. "काय मागतीस तिथं जाऊन? मागायला आवाज तरी ठेवलाय का त्यानं?" असं मी तिला दारात उभं करून विचारलेलं आहे. ती पदर सावरून निघून जायची.

रागाची मला सवय झाली होती. सकाळी उठलो की तो माझ्या आधी जागा असायचा. दूधवाल्यावर, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, मुलाच्या फोनवर, कशावरही निघायचा. अशातच उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा प्रशांत पुण्याहून आला. बरोबर सून स्नेहल आणि आठ वर्षांची नात ईरा. ईराला काळवीट बघायचं होतं. माळढोक पक्षी दिसला तर फारच छान, असं ती सारखी म्हणत होती. प्रशांतनं ठरवलं, रविवारी सगळ्यांनी नान्नजच्या अभयारण्यात जायचं. मी येत नाही म्हणालो. कुसुमनं माझ्याकडं नुसतं पाहिलं, आणि मी गाडीत बसलो.

सकाळी सहाला निघालो. उन्हाळ्यातलं ते माळरान म्हणजे नजर जाईल तिथवर पिवळं गवत, मधे एखादी बोर, एखादी बाभूळ. कुसळं सॉक्समधून आत शिरून टोचत होती. बरोबर एक गाईड होता, तिथल्याच गावचा, बोलायला मोकळा. त्यानं सांगितलं, माळढोक आता नशीब असेल तरच दिसतो, पण काळवीट नक्की दाखवतो. आणि खरंच, टेहळणीच्या मनोऱ्याजवळ कळप होता. तीस-चाळीस माद्या, आणि पीळदार शिंगांचा एक काळाभोर नर. ईरानं श्वास रोखून धरला होता. कुसुम तिच्या मागं बसून तिच्या खांद्यावर बोटानं टिचक्या मारत एकेक पाडस दाखवत होती. दोघी हसत होत्या. आता वाटतं, तेवढं बघून मी सुखानं परत यायला हवं होतं.

गाईड कुसुमकडं बघून कौतुकानं म्हणाला, "मावशी बगा कशा बसल्यात. तोंडातनं एक शब्द न्हाय. असं गप बसलं की जनावर दिसतंय." बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. तिच्या गळ्याला रुमाल आहे, उन्हाचा बांधला असेल असं त्याला वाटलं असणार. पण माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी उठून त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. कळप एका झटक्यात उधळला, धुरळा उडाला, ईरा रडायला लागली. प्रशांत म्हणाला, "बाबा, बास करा ना आता! दीड वर्ष झालं, घरात सगळे तुमच्या रागाला भिऊन राहतात. आईसुद्धा."

मी त्याच्यावरही तुटून पडलो. तेव्हा कुसुमनं माझी बाही धरली. मी हात झटकला आणि म्हणालो, "तू काय बोलू नकोस मधे."

तू काही बोलू नकोस. हे मी तिला म्हणालो. शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघितलंच नाही. पाठ फिरवली आणि फाटकाजवळच्या गाडीकडं निघालो.

गाडीत काचा खाली करून मी तासभर तरी बसलो असेन. मनातल्या मनात प्रशांतला, गाईडला, देवाला, सगळ्यांना उत्तरं देत होतो. साडेनऊच्या सुमाराला ते तिघं आणि गाईड आले. स्नेहलनं गाडीत डोकावून विचारलं, "आई कुठंयत? झोपल्यात का मागं?"

मी म्हणालो, "तुमच्याबरोबर नाही का?"

"तुमच्या मागूनच निघाल्या ना त्या, बाबा. आम्हाला वाटलं तुमच्याबरोबर आहेत."

तिचा फोन स्नेहलच्या पर्समध्ये होता. पाण्याची बाटलीही त्याच पर्समध्ये.

आम्ही पसरलो. ईरा आईचा हात धरून गाडीपाशी थांबली. गाईडनं फोन करून वनरक्षकांना जीप घेऊन बोलावलं. ज्याच्यावर मी ओरडलो होतो, तोच सगळ्यात पुढं पळत होता. ऊन चढत होतं. प्रशांत "आई, आई" अशा हाका मारत होता. हाक मारून काय उपयोग? ती ओ देणार कशी? दहा पावलांवर पडलेली असली तरी आम्हाला कळणार नव्हतं. गवत कमरेएवढं नव्हतं, पण माणूस बसलं की झाकलं जावं एवढं होतं. धूळ गळ्यातून सरळ छातीत जाते, डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि इथं लांडगेही आहेत, हे सकाळीच गाईडनं ईराला मोठ्या हौसेनं सांगितलं होतं.

अर्धा-पाऊण तास शोधून मी एका बाभळीपाशी थांबलो. आसपास कुणी नव्हतं. आणि मग मी देवाला शिव्या दिल्या. मोठ्यानं, नाव घेऊन. तीस वर्षं तुझ्या दारात आलो, तू तिचा गळा घेतलास. आता तिलाही घेणार आहेस का? मग घे, पण एकदा समोर येऊन घे! माझा घसा फाटला. जोडीला बांधापलीकडं एक टिटवी कर्कश ओरडत होती, थांबतच नव्हती. आम्ही शोधायला लागलो तेव्हापासून तिचं ते टिवटिव चाललं होतं आणि माझं डोकं उठलं होतं. माझ्यावरच ओरडतेय असं वाटलं. मी दगड उचलला.

"दगड मारू नगा ओ!"

अभयारण्याच्या हद्दीपलीकडं मेंढरं चारणारी एक बाई होती. साठीची असेल, डोक्यावर पदर, हातात काठी. ती तरातरा माझ्याकडं आली. "तिला कशाला मारताय? अंडी राखतीया ती." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमचं कोन गेलंय का तिकडं?"

मी म्हणालो, "माझी बायको सापडत नाही. तिला बोलता येत नाही."

बाईनं काठी बांधापलीकडं रोखली. मग म्हणाली, "मी मगाधरनं बगतीया. कोन जवळ गेलं की टिटवी वरडती, लांब गेलं की गप बसती. ही गपच बसंना. म्हंजी जे कोन आलंय ते तितंच बसून हाय की. माझं कोकरू गेलं का काय, म्हनून मी आले बगायला."

मी हातातला दगड टाकला. आम्ही दोघं पळालो. ती माझ्यापुढं होती. टिटवी आमच्या डोक्यावर येऊन ओरडू लागली, झेपा घेऊ लागली. बांधाच्या पलीकडं पाणी जिरवायला खणलेला लांबच लांब चर होता, काठावर गवत माजलेलं. तिथून दोनदा आमची माणसं गेली होती. चराच्या तळाशी कुसुम बसली होती. पाय मुडपलेला, तोंड लालबुंद, रुमालावर मातीचा थर. हातात दोन दगड होते. ते एकमेकांवर आपटून आपटून तिच्या बोटांची सालटं निघाली होती. वाऱ्यानं तो आवाज आमच्यापर्यंत आलाच नव्हता.

मी खाली उतरायला धावलो, तर तिनं दोन्ही हात वर करून मला थांबवलं. जोरजोरात माझ्या पायांकडं बोट दाखवलं. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, उघड्या मातीवर, ठिपक्यांची चार अंडी होती.

मी वळसा घालून उतरलो. तिच्याजवळ गुडघ्यावर बसलो. आणि कुसुमनं मला मारलं. एका मुठीत माझा शर्ट धरून, दुसरीनं छातीवर, दंडावर. तोंड उघडं, चेहरा रागानं थरथरत होता, आवाज मात्र नुसत्या श्वासाचा. दीड वर्षात ती माझ्यावर एकदाही रागावली नव्हती. मला वाटायचं तिला रागच येत नाही. मी मार खात राहिलो. मेंढ्यांच्या बाईनं कमरेची बाटली तिच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "मारू द्या तिला. बरं असतंय."

घोटा मोडला होता. मला गाठायला ती गवतातून आडवी निघाली आणि चरात घसरली, हे तिनं नंतर लिहून सांगितलं. वनरक्षकांच्या जीपमधून सोलापूरला आणलं, प्लॅस्टर झालं. गाईडचे हात धरून मी माफी मागितली. तो ओशाळून म्हणाला, "आवो काका, मलाच कळाया पायजे हुतं." ईरा आजीला चिकटून बसली ती सुटेचना.

पुढच्या रविवारी मी एकटाच पुन्हा त्या माळावर गेलो. नात्यातले लोक म्हणत होते, ती बाई सापडणार नाही बघ, ती काय साधी बाई होती का? पण ती तिथंच होती, त्याच बांधावर, पायातला काटा काढत बसलेली. मी वाकायला लागलो तर पाय मागं घेऊन ओरडली, "पाया कशाला पडताय? मी काय तुमच्यासाटी आले न्हवते. माझ्या कोकरासाटी आले." तिच्यासाठी नेलेली साडी मात्र ठेवून घेतली. रंग आवडला म्हणाली. कुसुमचा पाय कसा आहे ते विचारलं. अंडी फुटून चारही पिल्लं बाहेर पडली होती, तीही तिनं लांबूनच दाखवली. मातीच्या ढेकळासारखी दिसत होती.

परत येताना मी विचार करत होतो. बाई तिच्या कोकरासाठी आली. टिटवी तिच्या अंड्यांसाठी ओरडली. त्यात माझ्यासाठी कुणी काहीच केलं नव्हतं, आणि तरी माझी बायको घरी होती. ज्या क्षणी मी देवाला शिव्या घालत होतो, त्याच क्षणी उत्तर बांधापलीकडं ओरडत होतं आणि मी त्याला दगड मारायला निघालो होतो. हे मी कुणाला पटवायला सांगत नाही. घडलं तसं लिहितोय.

सोमवारी कुसुमनं पलंगावरून मला दाराकडं बोट दाखवलं. मी गेलो. तळ्यात पाणी कमी होतं. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडले, पण शांत वगैरे काही वाटलं नाही. राग होताच. तिचा आवाज परत आला नव्हता आणि येणारही नाही. इतके दिवस मला वाटत होतं की राग संपला की मग देवाकडं जायचं असतं, शरण जाणं म्हणजे तक्रार गिळून टाकणं. पण कुसुम चरात मला मारत होती, तेव्हा तिनं माझा शर्ट सोडला नव्हता. मला धरूनच ती मारत होती.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "मला तुझा अजून राग आहे. पण आता तुझ्यासमोर उभा राहूनच रागवेन." माझ्या मागं रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "काका, पुढं सरका." मी सरकलो. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसलं नाही.